मटाराच्या तोडणीचे ते दिवस

जबलपूरच्या मदन महल स्टेशनच्या रस्त्यावरच्या हातगाड्या हिरव्या दिसायला लागल्या की माझी पावलं आपोआप हळू होतात. धुकं अजून उतरलेलं नसतं. गाडीवाला शेंगांवर पाणी शिंपडत असतो, आणि त्या ओल्या वासात थोडी माती असते, थोडं डिझेल असतं, कारण हा माल जवळच्या पाटनकडून ट्रकने येतो. मी पिशवी पुढे करते. "कितना दूँ, अम्मा?" तो विचारतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत तो मला दीदी म्हणायचा. मी थोडेच मागते. तो पिशवी हातात तोलून बघतो आणि न मागता वर एक मूठ टाकतो. एकट्या बाईची पिशवी ओळखू येत असावी.

घरी येऊन मी गॅलरीत सोलायला बसते. शेंग फुटण्याचा आवाज तसा अगदी बारीक. पण घरात दुसरं कुणी नसलं की तोही भिंतीपर्यंत जाऊन परत येतो. हे गेल्यापासून घरात मी एकटीच. मुलगी पुण्याला. फोनवर म्हणते, "मम्मी, फ्रोजन ले लिया करो ना. काहून त्रास करून घेता?" तिचं मराठी असंच, एक पाय इकडे, एक तिकडे. मी तिला म्हणते, बरं. आणि दुसऱ्या दिवशी परत शेंगाच आणते. तिला कसं सांगू की मटार खायचे म्हणून मी आणत नाही. सोलताना मला एक गाव आठवतं, एक हिवाळा आठवतो. त्या गावाला विसरू नये एवढ्यासाठी हे सोलणं.

पाटनच्या पलीकडचं ते गाव. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून तिथेच राहतात. गावाचे दोन टोले, म्हणजे वस्त्या, वरचा आणि खालचा. वरच्यात जमीनवाले, खालच्यात बहुतेक मजूर आणि तुकड्या-तुकड्याने शेती करणारे. मध्ये एक नाला आणि नाल्याच्या काठाला सरकारी शाळा. त्या शाळेच्या व्हरांड्यात आम्ही रविवारी दुपारी दोन्ही टोल्यांतल्या पोरापोरींना घेऊन बसायचो. आम्ही म्हणजे मी आणि शांतवन भाऊ. मी जबलपूरच्या एका शाळेतली मास्तरीण, नुकतीच निवृत्त झालेली. शांतवन भाऊ आमच्याच चर्चमधले, मूळचे अचलपूरचे. त्यांची अख्खी नोकरी तोफांचे गाडे बनवण्याच्या कारखान्यात गेली. निवृत्त झाल्यावर ते चर्चमध्ये उठून म्हणाले होते, "मला आता शांतीचं काम करायचं आहे, कुणी सोबत येऊन राहिलं का?" लोक हसले. आमच्या ह्यांना जाऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते. घर खायला उठायचं. मी हात वर केला.

सकाळची उपासना संपली की आम्ही दमोह नाक्यावरून पाटनची बस धरायचो. प्रार्थना घरूनच करून निघायची, गावात नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. तरी पहिल्याच दिवशी वरच्या टोल्यातल्या एका वयस्क माणसाने स्पष्टच विचारलं, "आप लोग ये सब सिखाओगे, बदले में क्या लोगे?"

शांतवन भाऊ म्हणाले, "चाय पिला देना।"

"और हमारा धरम?"

"वो आपका है। हम अपना साथ लाए हैं, वही ले के वापस जाएँगे।"

त्या माणसाने चहा मागवला.

शिकवायचो तरी काय? फार काही नाही. राग आला की तो अंगात कुठे जाणवतो ते ओळखायचं. अफवा ऐकली की पुढे सांगण्याआधी कुणाला तरी विचारायचं. आणि एक खेळ. दोघांनी समोरासमोर बसायचं. एकाने बोलायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं नाही, फक्त पहिला जे बोलला ते तसंच्या तसं परत सांगायचं. पहिल्याने "हो, हेच म्हणालो" असं म्हटल्याशिवाय दुसऱ्याची पाळी नाही. ऐकायला पोरकट वाटतं. पण भांडणाऱ्या दोन माणसांना हे करायला लावून बघा. पाण्याचा घोट गिळावा तसं समोरच्याचं वाक्य गिळावं लागतं, आणि काहींच्या घशाखाली ते उतरतच नाही.

खालच्या टोल्यातली रेखा या खेळात सगळ्यांत हुशार. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती, पाटनला बसने जायची. समोरच्याने विसरलेला शब्दही ती परत सांगताना आठवून द्यायची. वरच्या टोल्यातला सोनू नेमका उलटा. उंच, हसरा, क्रिकेटमध्ये पुढे, पण दुसऱ्याचं वाक्य संपायच्या आत त्याचं उत्तर तयार. रेखा त्याला म्हणायची, "तू कान से नहीं, मुँह से सुनता है।" तोही हसायचा. आम्हाला वाटायचं, काम चाललं आहे.

त्या हिवाळ्यात मटाराला फुलं धरली आणि पाण्याची ओढ सुरू झाली. नाल्याला पाणी कमी. मोटर लावायच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. एका सकाळी सोनू शेतावर गेला तर त्याच्या पाळीला रेखाच्या भावाची, महेशची, मोटर चालू. महेश म्हणाला, काल लाइट नव्हती, माझी पाळी अर्धी राहिली. सोनूने ऐकलं नाही. तिथेच पडलेला लोखंडी पाइप त्याने उचलला. महेशने डोकं वाचवायला उजवा हात वर केला. वार कोपरावर बसला.

मला हे रेखाच्या फोनवरून कळलं. मी पोचले तेव्हा त्याला जबलपूरला सरकारी दवाखान्यात आणलेलं होतं. हाडांच्या वॉर्डाबाहेर रेखा उभी होती, ओढणीवर भावाचं रक्त. मी तिला जवळ घ्यायला गेले. ती मागे सरली.

"दीदी," ती म्हणाली, "एक गाल पे कोई मारे तो दूसरा आगे कर दो, आपके यहाँ ऐसा कहते हैं ना? गाल तो दो होते हैं। महेश दूसरा दायाँ हाथ कहाँ से लाएगा?"

मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी राहिले, निघून गेले नाही. एवढंच जमलं.

पुढच्या दिवसांत मी रोज दवाखान्यात जायची. महेशचं ऑपरेशन झालं, हाताला सळया बसल्या. डॉक्टर म्हणाले, हात राहील, पण पहिल्यासारखा वाकणार नाही. त्याची आई त्याला भरवायची आणि तो भिंतीकडे तोंड करून जेवायचा. एका दुपारी बाहेरच्या बाकावर एक बाई दिसली. मांडीवर पिशवी, पदर तोंडावर. जवळ गेल्यावर ओळखलं, सोनूची आई. सोनूला तेव्हा पोलिसांनी पकडून नेलं होतं आणि तो जामिनावर सुटायचा होता. पिशवीत शेतातले ताजे मटार होते. आत जायची तिची हिंमत होत नव्हती आणि परत जायला पाय उचलत नव्हते.

मी तिच्याशेजारी बसले. संध्याकाळची शेवटची बस चुकेल म्हणून ती उठली, पिशवी बाकावरच ठेवून गेली. मान वर केली तर वॉर्डाच्या दारात रेखा उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं.

त्या दिवसापासून खालच्या टोल्यात माझ्यासाठी दारं लागली. मारणाऱ्याच्या आईजवळ बसली ना ती. वरच्या टोल्याने तर आधीच तोंड फिरवलं होतं, कारण मी रेखाला पोलिसांतली तक्रार मागे घ्यायला सांगितलं नाही. शाळेच्या व्हरांड्यात रविवारी आम्ही दोघंच. समोर रिकामी फरशी, नाल्यापलीकडे मोटरचा आवाज, आणि वरून-खालून कुणीही चहाला हाक मारत नाही. शांतवन भाऊ डबा उघडायचे. "ताई, जेवून घ्या न," म्हणायचे. मी विचारायची, "भाऊ, आपण इथे काय करून राहिलो?" ते घास खाऊन मग सांगायचे, "काही नाही करून राहिलो. बसून राहिलो. दोघांच्या मधात कुणीतरी बसलेलं दिसलं पाहिजे न. बस."

चर्चमध्येही लोक म्हणाले, पोलिसांचं काम पोलिसांना करू द्या, तुम्ही कशाला पडता त्यात? नाताळ आला. मी सवयीने करंज्या केल्या, चकल्या केल्या. उपासनेनंतर अंगणात सगळे एकमेकांना भेटत होते, मुलं नव्या कपड्यांत पळत होती, आणि माझ्याभोवती एक मोकळं वर्तुळ तयार झालं होतं. कुणी वाईट वागलं नाही. फक्त माझ्याशी काय बोलावं हे कुणाला कळत नव्हतं. घरी येऊन मी दोन ताटल्या काढल्या, मग एक परत ठेवली. शांती हा शब्द त्या दिवशी प्रत्येक गाण्यात होता. मला तो त्या दिवशी फार मोठ्या, न सजवलेल्या खोलीसारखा वाटला. दार उघडं आहे, आत दिवा आहे, आणि आपल्याशिवाय तिथे कुणी नाही.

तोवर शेंगा भरल्या होत्या. तोडणीची वेळ झाली आणि खालच्या टोल्याने वरच्यांच्या शेतात पाऊल टाकायला नकार दिला. मटार थांबत नाही. चार दिवस उशीर झाला की दाणा कडक होतो, शेंग पांढरी पडते. वरचे म्हणाले, बाहेरून मजूर आणू. खालचे म्हणाले, आणून तर बघा. आणि रेखाच्या चुलतभावांनी ठरवलं होतं की सोनू जामिनावर सुटून गावात आला की त्याचाही एक हात जायला हवा. हे मला रेखानेच सांगितलं, फोनवर, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा.

"तुझे क्या लगता है?" मी विचारलं.

"मुझे भी वही लगता है, दीदी," ती म्हणाली. "पर हाथ मेरे भाई का गया है। फैसला चाचा के लड़के क्यों करेंगे? मैं करूँगी।"

सोनू गावात आला त्याच दुपारी तिने दोन्ही टोल्यांना शाळेत बोलावलं. आम्हाला बोलावलं नव्हतं, आम्ही आपण होऊन गेलो. एका बाजूला वरचे, एका बाजूला खालचे, काठ्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या, पण हाताच्या अंतरावर. शांतवन भाऊ त्या मधल्या रिकाम्या जागेत खाली फरशीवर जाऊन बसले. मीही बसले.

सोनू उठला. मान खाली. "गलती हो गई," तो म्हणाला.

"गलती नहीं," रेखा म्हणाली. "बैठ। मैं बोलूँगी, तू वापस बोलेगा। पता है ना कैसे करते हैं?"

तो तिच्यासमोर बसला. सगळं गाव बघत होतं.

"उस दिन महेश ने कहा, लाइट नहीं थी।"

"महेश ने कहा, लाइट नहीं थी," सोनू म्हणाला.

"तूने सुना नहीं।"

"मैंने सुना नहीं।"

"तूने लोहे का पाइप उठाया।"

तो थांबला. मागून कुणीतरी वरच्या टोल्यातलं ओरडलं, मत बोल, केस चल रहा है! सोनूने मागे पाहिलं नाही. "मैंने लोहे का पाइप उठाया," तो म्हणाला.

"मेरी माँ उसको खिलाती है। वो दीवार की तरफ मुँह करके खाता है।"

"तेरी माँ उसको खिलाती है," सोनू म्हणाला. "वो दीवार..." पुढचं त्याला येईना. त्याने दोनदा सुरुवात केली. हा हसरा, उंच मुलगा तोंड उघडं ठेवून बसला होता आणि शब्द बाहेर पडत नव्हता. रेखा वाट बघत राहिली. तिने त्याला मदत केली नाही आणि सोडलंही नाही. भिंतीपाशी उभ्या असलेल्या तिच्या चुलतभावाने काठीवरचा हात काढला आणि तो खाली बसला. मग सोनूने ते वाक्य पूर्ण केलं. अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू आलं.

"हाँ," रेखा म्हणाली. "यही कहा मैंने।"

तिने माफ केलं नाही. तक्रार मागे घेणार नाही, हेही तिने तिथेच सांगितलं. एवढंच म्हणाली की महेशचा हात बरा होईपर्यंत त्याच्या वाट्याची तोडणी सोनू करेल, तिच्यासोबत, तिच्याच ओळीत. आणि त्याला कुणी हात लावणार नाही. लावला तर तो तिलाच लावल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते शेतात उभी राहून पाहिलं. दवाने चिंब झालेले वेल, त्यात घोट्यापर्यंत भिजलेल्या बाया, आणि एका ओळीत रेखा आणि सोनू. जमीनवाल्याचा मुलगा, त्याला वाकायची सवय नाही. शेंग ओढली की अख्खा वेल उपटून यायचा. रेखा काही न बोलता एका हाताने वेल धरून दुसऱ्या हाताने शेंग कशी खुडायची ते करून दाखवायची आणि पुढे सरकायची. वरच्या टोल्यातले त्याचे मित्र रस्त्यावरून जाताना शिट्ट्या मारायचे. तो मान वर करायचा नाही. तोडणी संपेपर्यंत तो रोज आला. त्या दोघांत मी कामाखेरीज एकही शब्द ऐकला नाही. खालच्या टोल्यातलेही मग वरच्यांच्या शेतात तोडणीला गेले. त्या वर्षी गावात दुसरा वार पडला नाही.

चर्चमध्ये मला नंतर साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय घडवलं ते सर्वांपुढे सांगायला, बोलावलं. मी पुढे जाऊन उभी राहिले आणि माझ्याने फार बोलवेना. लोकांना शेवट गोड हवा असतो, आणि हा शेवट तसा नव्हता. सोनूने शाळेत जे सांगितलं ते कोर्टातही सांगितलं. वकिलाने नको म्हटलं होतं. त्याला शिक्षा झाली. तो तुरुंगात गेला त्या दिवशी त्याची आई मला कोर्टाच्या आवारात भेटली. दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी बसलेली तीच बाई. म्हणाली, "तुम्हारी सिखाई बात बोल के मेरा लड़का अंदर गया।" ते खरं होतं. आणि महेशचा हात वाकत नाही, हेही खरं होतं.

आता सोनू सुटून आला आहे, ट्रॅक्टर चालवतो असं ऐकते. महेशने पाटनला मोबाइलचं दुकान टाकलं. रेखा नर्सिंग शिकून इंदूरला लागली. सुरुवातीला फोन यायचा, मग सणाला यायचा, आता येत नाही. मी तिला दोष देत नाही. मी दिसले की तिला तो वॉर्ड दिसत असणार. मधे बसणाऱ्या माणसाचं हेच होतं. भांडण मिटलं की दोन्ही बाजूंना एकमेकांची तोंडं बघायची सवय होते, पण मधल्या माणसाचं तोंड बघितलं की भांडणच आठवतं. शांतवन भाऊ मुलाकडे नागपूरला गेले. त्यांना आता ऐकू येत नाही. फोन सुनेच्या हातात असतो. मी विचारते, भाऊ कसे आहेत? ती ओरडून त्यांना सांगते, आणि लांबून त्यांचा आवाज येतो, "कोण? कोण बोलून राहिलं?"

परवा मी बस धरली. कुणी बोलावलं नव्हतं. पाटनच्या पुढे दोन्ही बाजूंना तोडणी चालू होती, बाया ओळीने वाकलेल्या, बांधावर पोती उभी. गावात शाळेला नवा रंग दिला आहे. पोरं खेळत होती, वरची कोण नि खालची कोण मला ओळखता येईना, आणि त्यांतल्या कुणीही मला ओळखलं नाही. मी नाला ओलांडून वर गेले. सोनूची आई दारापुढे उन्हात बाजेवर बसली होती. केस पार पांढरे झालेले. तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. ओळखलं. चेहरा आवळला गेला.

"क्यों आई हो?" ती म्हणाली. "इस साल तो कोई झगड़ा नहीं हुआ यहाँ।"

"हाँ," मी म्हणाले. "पता है।"

"फिर?"

इतक्या वर्षांत त्या गावात मी नेहमी कुणाच्या तरी कामासाठी गेले होते. स्वतःसाठी तिथे काही बोलायची वेळ कधी आलीच नव्हती. तोंडात हिंदी आलं नाही, मराठीच आलं. "घरी एकटी असते मी," मी म्हणाले. "करमत नाही."

तिला मराठी येत नाही. किती कळलं कोण जाणे. आत कुणीतरी ट्रॅक्टर चालू केला, बंद केला. मग तिने पाय वर घेतले आणि बाजेच्या एका टोकाला सरकून बसली.

"बैठो," ती म्हणाली.